चौथ्या थांब्यावरचं शून्य

मामी गेल्यावर आमच्या घरात कुणी धाय मोकलून रडलं नाही, आणि नंतर बरेच दिवस कुणी पोट धरून हसलंही नाही. बाबा म्हणायचे, "अख्ख्या घराला भूल दिलीये आणि डॉक्टर ती उतरवायला विसरलाय." हा विनोद होता, पण तोही ते बातम्या वाचल्यासारखा सांगायचे.

मामा आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहतो. पुढच्या खोलीत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी शटर वर, डोळ्याला भिंग, संध्याकाळी शटर खाली. दिवसभरात काय झालं असं विचारलं तर "काही नाही" म्हणायचा, आणि खरोखरच काही झालेलं नसायचं. आई ताट घेऊन दारात तीन-तीन हाका मारायची. तो भिंग लावून बसलेला. मग ती ताट टेबलावर ठेवून वर यायची आणि म्हणायची, "दादा इथे नाहीच गं. शरीर तेवढं बसलंय."

रविवार सकाळ मात्र वेगळी. वीस वर्षं दर रविवारी साडेसहाला मामा आणि मामी पक्षी मोजायला जायचे. फिरायला नाही हं, मोजायला! ठरलेला रस्ता, ठरलेले बारा थांबे, प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं. मनगटावरच्या घड्याळात गजर लावायचा, गप्प उभं राहायचं, आणि जो पक्षी दिसेल किंवा ऐकू येईल तो वहीत चढवायचा. मामा नावं सांगायचा, मामी लिहायची. त्याला मान वर करायची गरजच पडायची नाही. डोळे मिटून, बूट बघत असल्यासारखा उभा राहायचा आणि पुटपुटायचा, "बुलबुल दोन. शिंपी एक. मागे भिंतीपलीकडे भारद्वाज." त्याचा नियम एकच होता आणि तो दगडावरची रेघ होता: मोजणारा एक, लिहिणारा एक. लिहिणाऱ्यानं मोजायचं नाही. "दोघं मोजायला लागले," तो म्हणायचा, "की एका कावळ्याचे दोन होतात आणि शहरात कावळे फार झाले म्हणून बोंब उठते."

मामी गेल्यावर आईनं ती वही माझ्या हातात दिली. "जा त्याच्याबरोबर. एकटा गेला तर कालव्यात पडेल आणि पडलाय हे त्याच्या लक्षातही येणार नाही."

मी तेव्हा आठवीत. मला पक्षी म्हणजे कावळा, चिमणी आणि इतर. पण पाच मिनिटं गप्प उभं राहायचं म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच, म्हणून मी फोटोवाल्याकडचा जुना कॅमेरा आणि लांब लेन्स मागून घेतली, आणि मग मी जी सुटले ती सुटलेच. पहिल्या वर्षी हजारभर फोटो काढले. त्यातले नऊशे, पक्षी नुकताच उडून गेलेल्या फांद्यांचे. आमच्याकडे इतक्या सुंदर रिकाम्या फांद्या आहेत की प्रदर्शन भरवावं! पण हळूहळू कळत गेलं. पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवायचा नाही, तो परत येणार त्या फांदीवर आधीच रोखून ठेवायचा. सूर्य आपल्या पाठीशी हवा. डोळा स्पष्ट आला तर बाकीचं पिसांचं काहीही होवो, फोटो चालतो. नववीत माझा खंड्या शाळेच्या फलकावर लागला आणि ज्या वर्गात मी हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही घाबरायचे, त्याच वर्गात उभी राहून मी वीस मिनिटं बोलले. शेवटी बाईंनीच हात जोडले.

मामाला मी ते सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. नंतर आईनं सांगितल्यावर तो म्हणाला, "हो का? मला बोलली नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आमच्याकडे तसंच चाललं होतं.

तर, कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एक बाई आहेत. मामाच्या वह्या त्या दर वर्षी उतरवून घेतात. या वर्षी त्यांनी कॉलेजच्या प्रदर्शनाच्या दालनात मोठा फलक लावायचं ठरवलं: 'आपल्या भागातून गेलेले पक्षी'. पहिला नंबर फुलटोच्याचा. अंगठ्याएवढा पक्षी, रंग मळक्या मोज्याचा, झाडावरच्या बांडगुळाची फळं खातो. मामाच्या वहीप्रमाणे दोन वर्षांपूर्वीपर्यंत दर रविवारी आठ-दहा, आणि मग शून्य. शून्य, शून्य, शून्य, वहीभर. त्याच्यासारखेच बारीक आवाजाचे आणखी दोन, तेही शून्य. बाई म्हणाल्या, "काका, बावीस वर्षांची सलग नोंद कुणाकडे आहे? शनिवारी उद्घाटनाला दहा मिनिटं तुम्हीच बोला."

आणि मामा हो म्हणाला! इतकंच नाही, बुधवारी तो दोन शर्ट घेऊन जिना चढून वर आला आणि आईला विचारलं, "हा बरा का हा?" आई पाठमोरी झाली आणि बराच वेळ शर्टाला इस्त्री करत राहिली. दोन वर्षांत त्यानं कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

अडचण एवढीच होती की त्याच्या आदल्या रविवारी मला फुलटोच्या भेटला होता.

चौथा थांबा लाकडाच्या वखारीमागे. तिथल्या झाडावर बांडगुळाचा मोठा झुबका आहे. मी लेन्स तिथेच रोखून बसले होते, कारण पिकलेलं फळ दिसत होतं. तो आला. बसला, चोच उघडली आणि सुरू झाला: चिक चिक चिक चिक. कुणीतरी कात्री नुसतीच चालवत राहावी तसा. मी फोटो काढले आणि मग बटण फिरवून व्हिडिओही घेतला. काढताना माझ्या लक्षात आलं की हा आवाज मला पाठ आहे. दोन वर्षं मी तो जवळजवळ प्रत्येक थांब्यावर ऐकत आले होते. किडा असेल असं समजत होते.

पाच मिनिटं संपली. मामाच्या मनगटावर गजर पीप-पीप करत होता. तो नेहमीसारखाच उभा. मी नेहमीसारखं त्याच्या कोपराला बोट लावलं. इतके दिवस मला वाटायचं, तो मामीच्या आठवणीत आहे.

"लिही," तो म्हणाला. "साळुंकी चार. कावळे दोन. फुलटोच्या शून्य."

"मामा, तो बघ ना वर! झुबक्याच्या डावीकडे!"

"काय?"

"वर! डावीकडे!"

त्यानं डोळे बारीक केले. "पान आहे ते. चल."

डोक्यावर चिक चिक चिक चालूच होतं. मी शून्य लिहिलं, कारण लिहिणाऱ्यानं मोजायचं नाही.

त्या दिवशी दुपारी मी त्याच्या कपाटातल्या सगळ्या वह्या वर आणल्या आणि जमिनीवर पसरल्या. मला आधी वाटलं होतं की आकडे हळूहळू उतरत आले असतील. माणसाचे कान काही एका दिवसात जात नाहीत. पण तसं नव्हतं. मामीच्या शेवटच्या रविवारी फुलटोच्या नऊ. माझ्या पहिल्या रविवारी शून्य. मध्ये चार आठवडे. चार आठवड्यांत सगळ्या शहरातले पक्षी निघून जातात? आणि तेही नेमके बारीक आवाजाचेच?

मग मी मामीचं अक्षर वाचायला लागले. जुन्या वह्यांत फुलटोच्या यादीत कुठेही आहे, कधी पहिला, कधी मध्येच, मामाला जसा ऐकू आला तसा. पण मामीची शेवटची आठ वर्षं? प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक रविवारी, तो शेवटी. त्याच्याबरोबर ते दुसरे दोघेही शेवटी. मामाची यादी सांगून संपली की खाली तीन नावं. मामा बूट बघत पुढे चालायला लागला असेल, आणि मागे राहून ती पटकन लिहीत असेल.

मी वही मिटली. मला काहीतरी भयंकर वाटेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून पाणी प्यायले.

आई शिलाई मशीनवर पडदे दुमडत होती. तिला सांगितलं तेव्हा मशीन थांबलं नाही, फक्त मंद झालं.

"आठवतं तुला," ती म्हणाली, "मामीला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची खोड होती?"

आठवत होतं. जेवताना मी काही म्हटलं की मामी तेच पुन्हा म्हणायची, जरा जाड आवाजात, मामाकडे बघून. 'हिची सहल रद्द झाली म्हणे.' 'हिला भात नकोय म्हणे.' आम्ही तिला घरातला लाउडस्पीकर म्हणायचो. बाबा तर म्हणायचे, वहिनींना एक वाक्य दिलं की दोन मिळतात, फायद्याचा व्यवहार आहे.

"तरी ताकास तूर लागू दिली नाही गं तिनं," आई म्हणाली. "आणि आम्ही समजत होतो, हा दुःखात आहे म्हणून ओ देत नाही."

"दुःखातही असेल."

"असेल." तिनं दोरा तोडला. "हे बघ, तू त्याला काही सांगायचं नाहीस. शनिवार होऊ दे. त्याच्याकडे आता तेवढंच उरलंय."

"पण फलक खोटा आहे, आई. पक्षी आहेत. मोजणाऱ्यालाच..."

"असू देत पक्षी. पक्ष्यांना काय फरक पडतो, ते फलकावर आहेत की नाहीत त्यानं?"

पक्ष्यांना नसेल पडत. पण मामा बावीस वर्षं एका कावळ्याचे दोन होऊ नयेत म्हणून जपत आला होता, आणि शनिवारी तो माणसांनी भरलेल्या दालनात उभा राहून, इस्त्रीच्या शर्टात, नसलेली गोष्ट सांगणार होता. मी चार दिवस शाळेत गेले, आले, जेवले. मैत्रीण म्हणाली, "तू आज बोलत का नाहीयेस, तब्येत बरी आहे ना?" गुरुवारी शाळेतून आले ती दप्तरासकट थेट दुकानात शिरले.

दुकानात एक बसड्रायव्हर घड्याळाचा पट्टा बदलून घ्यायला बसला होता. दणकट माणूस, दणकट आवाज. मी थांबायला हवं होतं. थांबले असते तर पुन्हा गेले नसते, म्हणून मी कॅमेरा मामासमोर धरला आणि व्हिडिओ लावला.

मामानं भिंग वर सरकवलं. मग पुन्हा खाली घेतलं आणि पडद्यावर वाकला. "फुलटोच्या," तो म्हणाला. "कुठला आहे?"

"चौथ्या थांब्यावरचा. गेल्या रविवारचा. सात वाजून बारा मिनिटं."

"मी तिथे होतो."

"हो."

त्यानं पुन्हा बघितलं. "चोच उघडतोय."

"हो."

"आवाज वाढव."

"पूर्ण वाढवलाय, मामा."

पडद्यावर तो इवलासा पक्षी जीव तोडून ओरडत होता. बसड्रायव्हरनं कानात करंगळी घालून हलवली. "काय बारीक आवाज आहे बुवा याचा! सुई टोचावी तसा."

मामानं त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला येतोय?"

"येतोय म्हणजे? दुकानभर येतोय की!"

मामानं मान हलवली. मग त्यानं पट्टा बसवला, दोन्ही बाजूच्या बारीक पिना दाबून पाहिल्या, घड्याळ पुसलं आणि बसड्रायव्हरच्या हातात दिलं. तो गेल्यावर म्हणाला, "वह्या कुठेत?"

मी वरून आणल्या. कुठे बघायचं ते बोटानं दाखवलं. तो वाचत गेला. "हे मी सांगितलेलं नाही," पहिल्या पानावर म्हणाला. पान उलटलं. "हेही नाही." पान उलटलं. "नाही." आवाजात चढ नाही, उतार नाही. गिऱ्हाइकाला घड्याळातला बिघाड सांगावा तसा. अर्धी वही झाल्यावर "नाही" म्हणणंही थांबलं, नुसती पानं उलटत राहिली. मी स्टुलावर बसून होते. भिंतीवर तीसेक घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ.

"आठ वर्षं," शेवटी तो म्हणाला. "नियम माहीत होता तिला."

"माहीत होता."

"एकदा तरी बोलायचं."

मी वह्या वर्षांप्रमाणे लावायला घेतल्या.

शुक्रवारी सकाळी त्यानं तोच इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॉलेजात गेला. मी शाळा बुडवून बरोबर गेले, त्यानं नको म्हटलं नाही. फलक तयार होता. सगळ्यात वर कागदाचा फुलटोच्या, खाली मोठं शून्य. बाई शिडीवर होत्या.

"काका! या या. बघा, कसा झालाय?"

"वरचा पक्षी काढा," मामा म्हणाला. "तो गेलेला नाही. मला ऐकू येत नाही."

बाई शिडीवरून उतरल्या. "म्हणजे?"

"गेल्या दोन वर्षांतली या तीन पक्ष्यांची शून्यं माझ्या कानांची आहेत. धरू नका. त्याआधीच्या आठ वर्षांचे आकडे बरोबर आहेत, पण तेही माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

"माझ्या बायकोचे. वहीत तशी दुरुस्ती करून देतो."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी व्हिडिओ पाहिला, ऐकला, एकदा मामाकडे पाहिलं आणि मग पुन्हा शिडीवर चढून नखानं तो कागदी पक्षी सोलायला लागल्या. डिंक पक्का होता. पंखाचा एक तुकडा फलकावरच राहिला.

"तरी उद्या बोला ना, काका," त्या वरूनच म्हणाल्या. "हेच सांगा. लोकांना कळू दे, मोजणी कशी चुकते ते."

मामाला ते ऐकू गेलं नसावं. बाईंचाही आवाज बारीकच आहे. मी जाड आवाजात पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "नको."

घरी आल्यावर आईनं फक्त एवढंच विचारलं, "झालं समाधान?" आणि पडदे टांगायला गेली. समाधान झालं नव्हतं. दुःखही नव्हतं. दात काढल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

त्या रविवारी मामा उठला नाही. मी एकटी गेले, मीच मोजलं, मीच लिहिलं. फुलटोच्या अकरा. अकरा! मला नाचावंसं वाटेल अशी खात्री होती. मी आकडा लिहिला आणि पुढच्या थांब्याला गेले. पुढच्या रविवारी नऊ. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता, तरी सात.

मधल्या दिवसांत आईनं त्याला कान तपासायला नेलं. काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानावर यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी काचेबाहेर उभी होते. तपासणारी मुलगी एकेक आवाज सोडत होती आणि मामा बटणावर अंगठा ठेवून अतिशय लक्षपूर्वक बसला होता. सुरुवातीला दिवा लागायचा. नंतर ती सोडत राहिली आणि तो तसाच बसून राहिला, अंगठा तयार ठेवून.

"खूप वर्षांचं आहे हे," ती म्हणाली. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"एकीच्या आलं होतं," मामा म्हणाला.

कानात घालायचं यंत्र आलं. मामानं ते भिंगाखाली धरून उघडलं, आत डोकावला, पुन्हा बंद केलं आणि डबीत ठेवलं. "घाल ना रे," आई म्हणाली. "घालतो," तो म्हणाला. डबी टेबलावर तबकड्या नि काट्यांच्या शेजारी पडून राहिली. मग बाबांनी सांगून पाहिलं, त्यांचा आवाज त्याला चांगला येतो. "दादा, अहो, एकदा लावून तर बघा." मामा म्हणाला, "आता एवढं सगळं ऐकून करायचंय काय?"

चौथ्या रविवारी मी जिना उतरले तर तो पायरीवर बसून बूट बांधत होता. कानात काही नव्हतं. उठला आणि माझ्या हातातली वही घेतली, खिशातून पेन्सिल काढली.

"तू सांग," तो म्हणाला. "मी लिहितो."

"पण तू तर..."

"मोजणारा एक, लिहिणारा एक. चल, उशीर होतोय."

पहिले तीन थांबे आम्ही तसेच केले. मी त्याच्यासमोर उभी राहून, तोंड त्याच्याकडे करून सांगत होते, कारण मागून बोललं तर त्याला 'साळुंकी' आणि 'शिंपी' एकच वाटतात, हे पहिल्याच थांब्यावर कळलं. त्याचं अक्षर भयंकर होतं. बावीस वर्षांत त्यानं त्या वहीत एक ओळ लिहिलेली नव्हती. रकाना कुठला, थांबा कुठे लिहायचा, सगळं मलाच विचारत होता, आणि मी चक्क त्याच्यावर ओरडत होते. "अरे मामा, वर नाही, खाली! तो तापमानाचा रकाना आहे!" तो निमूटपणे खोडून पुन्हा लिहायचा.

वखारीमागे आलो. मी ऐकलं, वर पाहिलं, आणि त्याच्याकडे वळले.

"बुलबुल दोन. कावळा एक. फुलटोच्या तीन."

त्यानं झाडाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "तीन?"

"तीन."

त्यानं लिहिलं. तीनचा आकडा काढायला त्याला जरा वेळ लागला.

"झालं," मी म्हटलं आणि कॅमेऱ्याचं झाकण लावायला घेतलं.

त्यानं पेन्सिल कागदावरून उचलली नाही. डाव्या हाताची बाही सरकवून मनगटावर पाहिलं.

"नीट ऐक," तो म्हणाला. "अजून अर्धं मिनिट आहे."